एकशे चौदा नंबरची बाई

हेरेफर्ड
सोमवार, २८ एप्रिल २०१४

टॅम्सिन,

तुझे चिखलाचे मोजे आणि बनियन धुऊन या पार्सलातून पाठवते आहे. सोबत हे पत्र, कारण फोनवर मी ओरडेन आणि माझ्या शेजारणीचे कान फार तिखट आहेत.

हळू पळ म्हणून किती वेळा बजावलं होतं तुला? गाडीत दोनदा, आणि चर्चच्या भिंतीआड तुझ्या छातीवर माझा नंबर लावताना पुन्हा एकदा. शेवटून दहावी ये, असं सांगितलं होतं. आणि तू साठीपुढच्या बायकांत पहिली आलीस, समितीनं आज सकाळी फोनवर कळवलं! म्हणजे मी आले. तू एकतीस वर्षांची घोडी, मी एकोणसत्तर वर्षांची बाई. आणि वर म्हणतेस, "आत्या, हळूच पळाले गं, दुसऱ्या चढावर उभी राहून केकसुद्धा खाल्ला." केक खाऊन पहिली आलीस, यात मी समाधान कसलं मानायचं?

मला पहिला नंबर नको होता. यादीत नाव हवं होतं, बस. थॉर्नलीची तेरा मैलांची शर्यत पंचवीस वेळा पुरी केली की गावच्या हॉलमधल्या पाटीवर नाव रंगवतात. माझ्या चोवीस झाल्या आणि फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाला, खुब्याचा सांधा झिजलाय, पळणं विसरा. एका फेरीसाठी चोवीस वर्षं पाण्यात घालवायची? दुसऱ्याच्या नंबरावर पळायचं नाही हा नियम मला ठाऊक आहे. तो नियम करणाऱ्या समितीत मीच सहा वर्षं होते.

तू पळत होतीस तेव्हा मी अडीच तास मागच्या सीटवर घोंगडी पांघरून पडले होते. शर्यत सुटायच्या आधी मार्जरी मला हाका मारत गाडीजवळून गेली. मी श्वास रोखून धरला. चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि मी तिच्यापासून तोंड लपवून पडलेली.

कोणाकडे बोलू नकोस. तुझ्या आईकडे तर मुळीच नको.

थेल्मा आत्या


अपर थॉर्नली
३० एप्रिल

बये, अभिनंदन!

फोनवर मला अलीकडे निम्मंसुद्धा ऐकू येत नाही, तेव्हा नेहमीसारखं पत्रच. काल हॉलच्या दारावर यादी लागली. तू दोन तास एकोणतीस मिनिटं, मी दोन अठ्ठेचाळीस. एकोणीस मिनिटं! साठी उलटल्यापासून आपण नऊ वर्षं पाठोपाठ येतोय, पाचदा तू पुढे, चारदा मी, आणि मिनिटाच्या वर कधी फरक नाही. हेरेफर्डला काय खायला घालतात गं तुला?

तू पहिल्या तुकडीत सुटलीस आणि मी दुसऱ्या, त्यामुळे या वर्षी तुझी पाठसुद्धा दिसली नाही. दिसली असती तर तिसऱ्या टेकडीवर इतकी रडकुंडीला आले नसते. धुकं असं की पुढचा माणूस दिसेना, आणि चिखलात एक बूट रुतला तो दोन्ही हातांनी उपसून काढला. सुटण्याआधी तुला सगळीकडे शोधलं. नंतर चहाच्या टेबलावर लिंबाच्या केकचा एक तुकडा तुझ्यासाठी झाकून ठेवला, तर कळलं की पाहुणे यायचेत म्हणून तू आधीच निघालीस. असले कसले पाहुणे, ज्यांना रविवारीच यायचं असतं?

सोबत बक्षिसाची प्लमच्या जॅमची बरणी. दर वर्षी जॅम करायचा मी आणि खायचा तू!

आणि मुख्य गोष्ट. पाटी रंगवायला जूनमध्ये माणूस येतोय. गेल्या वर्षी माझं नाव लागलं तेव्हाच मी समितीला सांगून ठेवलं होतं, शेजारची जागा रिकामी ठेवा, तिथे थेल्मा येणार आहे. आलीस बाई एकदाची.

तुझी मार्जरी


हेरेफर्ड
४ मे

प्रिय मार्जरी,

बरणी मिळाली. काचेला तडासुद्धा गेला नाही, तू कागद छान गुंडाळले होतेस.

पाहुणे म्हणजे माझी भाची टॅम्सिन. तिला घाई होती. माझ्या वेळेचं फार मनावर घेऊ नकोस, एखादा दिवस असतो तसा. पहिल्या तुकडीत वाटेवर गर्दी कमी होती, चिखलही तेव्हा कमी तुडवला गेला होता. खुबा जरा दुखतोय, तेव्हा पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही.

इथे ट्यूलिप संपत आले. तुझ्याकडे टेकडीवर अजून असतील.

थेल्मा


अपर थॉर्नली
९ मे

थेल्मा,

आधी गंमत सांगते. परवा लॅम्ब पबमध्ये सिरिल प्रीसनं तुझं नाव काढलं. दर वर्षी वरच्या फाटकाशी पिवळं जाकीट घालून वाट दाखवायला उभा असतो ना, तोच. म्हणतो कसा, "एकशे चौदा नंबर लावून एक पोरगी गेली माझ्यासमोरून. लांब वेणी होती. ती काही थेल्मा नव्हती."

माझं डोकं फिरलं. भर पबात उभी राहिले आणि म्हटलं, "सिरिल, धुक्यात तुला मेंढी आणि बाई तरी वेगळी ओळखता येते का रे? चाळीस वर्षांत थेल्मा पर्सलोनं डॉमिनोची एक सोंगटी इकडची तिकडे केलेली नाही. आणि तू तिला चोर म्हणतोस?"

सगळे खो खो हसले. कोणी तरी मेंढीसारखं ओरडलं. तो लालबुंद झाला, "मला तसं दिसलं बुवा," इतकंच पुटपुटला आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी गेला. बिचाऱ्याला चौऱ्याहत्तरावं लागलंय. जरा जास्तच बोलले का मी? पण तुझ्याबद्दल असलं काही ऐकून घ्यायची मला सवय नाही.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला चार दिवस लागले. नाताळात मागच्या पायरीवरून पडून माझं मनगट मोडलं, तेव्हापासून ॲड्रियनचा एकच धोशा आहे: आई, घर वीक आणि आमच्याकडे रेडिंगला ये. गॅरेजवर खोली बांधून ठेवली आहे त्यानं. मुलगा वाईट नाही, पण ती खोली मी पाहिली आहे. खिडकीतून समोरच्यांची गाडी दिसते. मी त्याला म्हटलं, "शर्यतीपर्यंत थांब. चिखल असला की घड्याळाचं काही खरं नसतं, म्हणून मी घड्याळ बघत नाही, मी थेल्माला बघते. आम्ही दोघी एका वर्षाच्या. तिच्या बरोबरीनं आले तर माझ्या घरात मीच राहणार आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. मागे पडले, तर तू म्हणशील तसं."

मागे पडले. एक-दोन मिनिटं असती तर भांडले असते, पण एकोणीस मिनिटांशी काय भांडणार? म्हातारपण आलं ते मला एकटीलाच आलं. सोमवारी ॲड्रियनला हो म्हटलं.

तुझ्यावर राग नाही हं. तू तर चांगलीच पळालीस.

मार्जरी


हेरेफर्ड
१२ मे

प्रिय मार्जरी,

तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. एका शर्यतीवरून कोणी घर विकतं का? घाई करू नकोस. त्या दिवशी धुकं होतं, चिखल होता, तुझं मनगट नुकतं बरं झालेलं. शिवाय यादीवर इतका भरवसा ठेवू नये. यंत्र आहे, कधी तरी चुकतंही. रेडिंग फार गजबजलेलं आहे, तुला मानवणार नाही. ॲड्रियनला सांग की पुढच्या वसंतापर्यंत थांब.

सिरिलचं मनावर घेऊ नकोस. त्यानंही घेतलं नसेल.

थेल्मा


अपर थॉर्नली
२१ मे

थेल्मा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी कीव करू नकोस, बाई. जिंकलेल्यानं हरलेल्याला "यंत्र चुकलं असेल" म्हणणं मला मुळीच आवडलं नाही. तू अशी गुळमुळीत कधीपासून बोलायला लागलीस?

घराला गिऱ्हाईक मिळालं. बर्मिंगहॅमचं जोडपं आहे. बाईला स्वयंपाकघर पाडून मोठं करायचंय, तेही माझ्यासमोरच सांगितलं तिनं. शुक्रवारी, तीस तारखेला वकिलाकडे सह्या.

सकाळी टेकडीवर जाणं बंद केलंय. जायचं कशाला, असं वाटतं.

मार्जरी


हेरेफर्ड
शनिवार, २४ मे

मार्जरी,

सही करू नकोस. आधी हे वाच.

शर्यत मी पळाले नाही. माझ्या नंबरावर टॅम्सिन पळाली. सिरिलला दिसली ती तीच, लांब वेणीची. मी चर्चमागे गाडीत घोंगडीखाली पडले होते. तू "थेल्मा, थेल्मा" करत काचेजवळून गेलीस तेव्हा मला तुझी बाही दिसली होती.

खुबा फेब्रुवारीतच गेला. मला तुझ्या नावाशेजारी पाटीवर नाव हवं होतं, म्हणून हे केलं. हळू पळ म्हणून तिला सांगितलं होतं, पण तरुण पोरीचं हळूसुद्धा आपल्यापेक्षा जलद असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा तुझ्यापुढे कोणी नव्हतं. साठीपुढच्या बायकांत तू पहिली आलीस, त्या चिखलात, मोडून जुळलेल्या मनगटानं. तू म्हातारी झालेली नाहीस. झाले ती मी, आणि ते लपवायला तुला म्हातारी केलं.

बाराव्या तारखेच्या पत्राआधी मी तीन पत्रं लिहून फाडली. त्या तिन्हींत खरं होतं. पेटीत टाकलं ते चौथं. मार्जरी, मला स्वतःची इतकी लाज वाटते आहे की आरशासमोर केससुद्धा विंचरवत नाहीत. तुझी बरणी फडताळात तशीच आहे. झाकण उघडायचा धीर झाला नाही.

समितीलाही आजच लिहिलं आहे. त्यांनी काय करायचं ते करावं. तू फक्त सही करू नकोस.

थेल्मा


अपर थॉर्नली
२ जून

थेल्मा,

सही केली नाही. पत्र मंगळवारी पोचलं. बर्मिंगहॅमची बाई रडली, वकील चिडला, ॲड्रियन दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी मागच्या पायरीला कठडा लावायला आला. घर माझंच राहिलं.

आता ऐक. शर्यतीचं मी तुला तेव्हाच माफ केलं असतं. पाटीवर नाव हवं म्हणून तू भाचीला पळवलंस, हे ऐकून मी आधी पोट धरून हसले असते आणि मग तुला चार शब्द सुनावले असते. पण बाराव्या तारखेचं पत्र? माझं घर जातंय हे तुला ठाऊक होतं, आणि तू मला लिहिलंस की रेडिंग गजबजलेलं आहे. बारा दिवस, थेल्मा. त्या बारा दिवसांत मी सेलोटेपनं खोकी बांधत होते. आईच्या बशा गुंडाळताना मनात म्हणत होते की थेल्मा तरी अजून पळतेय, बरं आहे.

मी तुझ्यासाठी एका खऱ्या माणसाला भर पबात खोटं पाडलं. मी त्याच्या घरी जाऊन पायरीवर उभी राहून माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे." पण माझ्या सांगण्यानं काय होणार? हसले ते सगळे होते. रविवारी, आठ तारखेला, चर्चनंतर सगळे लॅम्बमध्ये असतील. ये आणि बोल.

मार्जरी


हेरेफर्ड
९ जून

मार्जरी,

काल तू मुद्दाम आली नाहीस, ते मला कळलं. तेव्हा काय झालं ते मीच सांगायला हवं.

बसमधून उतरले आणि स्टॉपवरच्या बाकावर बसून राहिले. खुब्याला दोष द्यायला बरं होतं, पण खुब्याचं काही नव्हतं. आत गेले. सगळे होते. माझा कोट घेतला, खुर्ची दिली. मी बसले नाही. आदल्या रात्री पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं, "शर्यत मी पळाले नाही. माझी भाची पळाली. सिरिलनं जे पाहिलं ते खरं होतं, आणि ते खोटं ठरलं तेव्हा मी गप्प बसले."

मग पबवाली म्हणाली, "बरं, काय घेणार तुम्ही?" आणि कोणी तरी म्हणालं, "होतं असं कधी कधी." आपल्या लोकांची रीत तुला ठाऊकच आहे. मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या अंगावर घेऊन घरी आले असते. त्यांनी माझ्यापुढे चिप्सची पिशवी फोडून ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिरिल खिडकीपाशी बसला होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वेणी होती ना तिला?" त्यानं विचारलं.

"हो, सिरिल."

"लांब? कमरेपर्यंत?"

"कमरेपर्यंत."

"आणि टोकाला काही तरी लाल."

"लाल रबर होता."

त्यानं टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मग दिसतंय मला."

मला काही समजेना. त्याची मुलगी शेजारी होती, तिनं सांगितलं. त्या दिवशी पबातून घरी गेला तो थेट तिच्या हातात ट्रॅक्टरची किल्ली देऊन मोकळा झाला. म्हणाला, मला नसलेल्या पोरी दिसायला लागल्या, उद्या असलेलं पोर दिसणार नाही. एक महिना झाला, तो ट्रॅक्टरवर बसलेला नाही. कुरणावर मुलीबरोबर चालत जातो. पिवळं जाकीटही समितीला परत करून आला. तुझा बाप तसा नाही गं, असं कोणी म्हणालं नाही, कारण सगळ्यांनाच वाटलं की सिरिलचं आता वय झालं.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे, असू दे," आणि उठून माझ्यासाठी अर्धा पाइंट आणला. मी तो प्याले, मार्जरी. नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

समितीचं पत्र आलंय. माझी पंचविसावी रद्द, आणि पाच वर्षं शर्यतीत बंदी. पळता येत नाही त्या बाईला पळायची बंदी! ती शिक्षा मला कुठे लागतच नाही. लागली ती खिडकीपाशी बसलेल्या त्या माणसाची. एका पाटीपायी मी दोन धडधाकट माणसांना म्हातारं केलं, आणि दोघांनीही ते मुकाट्यानं मानलं, कारण दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

तुझ्याकडे काही मागत नाही. काय झालं ते तुला कळावं, एवढंच.

थेल्मा


अपर थॉर्नली
१३ जून

थेल्मा,

सिरिल काल ट्रॅक्टर घेऊन माझ्या दारावरून गेला. वळणावर गरज नसताना दोनदा भोंगा वाजवला.

मी पुन्हा सकाळी सहाला टेकडी चढायला लागले. पहिल्या दिवशी दम लागला, दुसऱ्या दिवशी कमी लागला. वर पोचल्यावर शर्यतीतल्या सवयीनं मागे वळून बघते, तू कुठवर आलीस ते. मग आठवतं आणि पुन्हा संताप येतो. उतरेपर्यंत तो टिकतो.

तू पबात जाऊन बोललीस, ते बरं केलंस. पण माझा राग गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही. आपल्यात तेवढं पुरे झालं. राग गेला की मी बसनं हेरेफर्डला येईन आणि तुझं दार वाजवीन. कधी ते मला माहीत नाही.

तोवर पत्र पाठवू नकोस. आलं तर मी वाचेन, वाचलं तर माफ करून टाकेन, आणि इतक्या लवकर तुला माफ करायची माझी इच्छा नाही.

मार्जरी